हळदीचं पाणी माझंच!

मी झरा बोलतोय. कोरचीकडच्या डोंगराखाली, जांभळाच्या मुळांतून पाणी येतं ना, तोच मी. दगडाला पाझर फुटत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा मला भेटून जावं.

माझा बाप पाऊस, असं सगळे समजतात. पण पाऊस म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! त्याला वळण लावतं ते जंगल. ऐनाची, मोहाची पानं त्याला वरच अडवतात, खोडं हळूच खाली उतरवतात, पाचोळा पिऊन घेतो. मग मुळांच्या आणि गांडुळांच्या वाटांनी तो मातीत मुरतो, खडकाच्या फटींतून सरकत राहतो. श्रावणात डोंगरावर पडलेलं पाणी वैशाखात माझ्या तोंडाशी येतं. माझ्याकडून ते खालच्या बोडीत, म्हणजे गावच्या छोट्या तळ्यात जातं आणि बोडीतून धानाच्या बांधीत, बांध घातलेल्या शेतात.

गावात माझा मान मोठा. नवरीच्या हळदीला पाणी माझंच लागतं. घागर भरताना बायका गाणी म्हणतात आणि मी उगाच जरा जोरात वाहतो.

पण मधे काही वर्षं मी होळीलाच आटू लागलो. गुणाबाईच्या लेकीची हळद टँकरच्या पाण्यानं झाली, तेव्हा ती माउली रिकामी घागर घेऊन माझ्यापाशी बसून रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिच्याजवळ सोमारी बसली होती. तिची दिव्याही लग्नाची झाली होती. “माह्या पोरीची हळद टँकरच्या पान्यानं नाई होनार,” सोमारी म्हणाली.

त्या पावसाळ्यात ती अळंबी शोधायला डोंगरावर गेली. गावची रीत अशी, की मोहफुलं गळायच्या आधी झाडाखालचा पाचोळा पेटवून द्यायचा. काळ्या जमिनीवर पिवळी फुलं वेचताना चटकन दिसतात. पूर्वी हा जाळ झाडापुरता असायचा, आता तो पसरून अख्खा डोंगर काळा करतो. सोमारीच्या मोहाखालून पाणी राखेसकट ओढ्याकडे धावत सुटलं होतं. बाजूला खडकांच्या आडोशाला एक मोह जाळातून वाचला होता. त्याच्याखाली तिचा पाय मऊ पाचोळ्यात रुतला. हात घातला, तर खाली गार ओल.

“अवो माय!” ती मटकन बसलीच. “आपनच पान्याची वाट जाळून राह्यलो!”

पुढच्या फाल्गुनात तिनं काडी लावली नाही. जुनी लुगडी एकत्र शिवून मोहाखाली झोळीसारखी बांधली. शेजारचा लटारूभाऊ पोट धरून हसला.

“सोमारी, झाडाले पाळना बांधून राह्यली का वो?”

“हो भाऊ. यात मोहबी वाढते न पानीबी.”

फुलं राख-माती न लागता स्वच्छ निघाली, तशी गुणाबाईनं आणि इतर बायकांनीही लुगडी बांधली. लटारूभाऊ तेवढा हटून बसला, पण त्याचा जाळ बायकांनी त्याच्या झाडापुरताच ठेवला. त्या उन्हाळ्यात मी आटलोच. “कुठी हाय तुहं पानी?” तो विचारायचा. पण वर पाचोळ्यावर पाचोळा साचत होता.

यंदा होळी झाली, मी वाहत होतो. चैत्र सरला, तरी वाहत होतो! वैशाखात दिव्याच्या हळदीला सारा गाव वाजतगाजत आला. सोमारीनं घागर लावली आणि मी ती काठोकाठ भरली, वर सांडलीही. सोमारी हसत होती आणि डोळे पुसत होती. गुणाबाईनं तर हळदीचं पहिलं बोट माझ्याच दगडाला लावलं.

लटारूभाऊ मागून पुढे आला. ओंजळ भरून प्याला, पुन्हा प्याला आणि हळूच म्हणाला, “सोमारी, माह्याबी मोहाले पाळना बांधून दे वो.”

एवढ्या दिमाखात मी आजवर कधी वाहिलो नव्हतो. तुम्हीही या कधी इकडे, पोटभर पाणी प्या. फक्त काडीपेटी घरी ठेवून या.