गोंधळ्यांची वेणी

विनोदी मालिकेत तो ‘गोंधळे’ होता. दूध उतू घालवणारा, मुलीची इयत्ता विसरणारा, उठताबसता बायकोचे टोमणे खाणारा नवरा. रस्त्यावरही लोक त्याला गोंधळेच म्हणत आणि तो मान खाली घालून हसे. लाजाळू माणसाला दुसऱ्याच्या नावाचा आडोसा बरा वाटतो.

घरी मात्र बायको पहाटेच कामावर जाई आणि लेकीच्या दोन वेण्या घालणे हे रोजचे त्याचेच काम. त्या केसांचा भार बोटांवर घेताना आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत, असे त्याला वाटे. दिवसभरात पुन्हा क्वचितच.

त्या सकाळी लेक म्हणाली, “बाबा, आज तुझं वेणीचं शूटिंग ना? मी वर्गात सांगितलं, माझ्या वेण्या बाबा घालतो. सगळ्या फिदीफिदी हसल्या. ‘गोंधळे? शक्यच नाही!’ मग मी म्हटलं, टीव्हीवर बघाच.”

संहितेत तर लिहिले होते : वेणीचा विचका होतो, कंगवा केसांत अडकतो, पोरगी भोकाड पसरते.

चित्रीकरणाला समोर प्रेक्षक बसलेले. मालिकेतली छोटी मुलगी स्टुलावर बसली. त्याने केसांचे तीन पेड केले, ते विस्कटायचे ठरवले. पण सवयीची बोटे ऐकेनात. नीटस वेणी पाठीवर उतरली. कुणीच हसले नाही.

“कट! अहो गोंधळे,” दिग्दर्शक ओरडला, “तुम्हाला वेणी येत नाही!”

“येते हो.”

“तुम्हाला येते. त्याला येत नाही! पुन्हा.”

दुसऱ्या खेपेला त्याने मन घट्ट करून कंगवा उलटा धरला. मग तो खाली ठेवला.

“हे माझ्याच्याने होणार नाही,” तो हळूच म्हणाला. “माझी मुलगी वर्गात खोटी पडेल.”

“अहो, बाप्याला सगळं जमलं तर लोकांनी हसायचं कशाला? माझ्या टकलाला?”

प्रेक्षकांत पहिल्यांदाच हशा पिकला.

कोपऱ्यात बसलेली लेखिका उठली. “थांबा. हसवायचं माझ्यावर सोडा.” मालिकेतल्या बायकोच्या कानात ती काहीतरी कुजबुजली.

तिसऱ्या खेपेलाही वेणी तशीच देखणी उतरली. बायको टोमणा ओठांवर घेऊनच आत आली, तिने मुलीला मागून-पुढून न्याहाळले, टोमणा गिळला आणि मुलीला उठवून ती स्वतःच स्टुलावर बसली.

“आता माझी घाला. इतकी वर्षं लपवून ठेवलंत होय? लबाड!”

हशा उसळला आणि त्यातूनच टाळ्या निघाल्या.

“ह्या भागापुरतं चालवून घेतो,” दिग्दर्शक गुरगुरला. “पुढच्या भागात दूध उतू जाणार म्हणजे जाणार!”

“जाऊ दे की. दूध माझ्या हातूनही जातं.”

तो भाग दाखवला गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच दार वाजले. लेकीची मैत्रीण उभी होती, केस मोकळे. मागे तिचे धिप्पाड वडील, कंगवा कुऱ्हाडीसारखा धरून.

“ही ऐकतच नाही,” ते पुटपुटले. “म्हणते, तिच्या बाबाला येतं, मग तुम्हाला का नाही? जरा... दाखवता का?”

लेकीने धावत येऊन दोन स्टुले शेजारी शेजारी मांडली.

“टोकाकडून विंचरायला घ्या,” तो म्हणाला. “वरून ओढलं की रडतात.”

गृहस्थांनी श्वास रोखून कंगवा टेकवला.

“घाबरू नका, काका,” लेक म्हणाली. “बाबालाही आधी येत नव्हतं.”