आठ तीन आणि शेवटी एक

कचरू खडकीच्या एका कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झाले, तेव्हा मापं घेण्याची सवय हातात राहिली आणि मोजायला काही उरलं नाही. विश्रांतवाडीच्या घरी एकदा सहज आकडे लिहिताना त्यांच्या ध्यानात आलं, की ३१ ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडली तर तिला कशानंच भाग जात नाही. पुढं एक तीन वाढवला, ३३१, तीही मूळच. मग ३३३१, ३३३३१... आठ अंकांपर्यंत सगळ्या मूळ निघाल्या. शेवटच्या ३,३३,३३,३३१ साठी त्यांनी साडेसातशेहून जास्त भागाकार हातानं केले. त्यात दोन हिवाळे गेले.

"कॅल्क्युलेटर घ्या की," त्यांची बायको नंदा म्हणायची.

"त्यानं केलं तर मला काय कळलं?"

नारायण पेठेत दर रविवारी सकाळी गणिताची हौस असलेली माणसं जमत. कचरू तिथं वह्या घेऊन गेले, फळ्यावर रांग लिहिली आणि म्हणाले, "कितीही वाढवा, मूळच येणार."

मंडळ चालवणाऱ्या प्राध्यापक पूर्णिमाबाईंनी वह्या नीट चाळल्या. "काका, आठ अंकांपर्यंत बिनचूक आहे. नऊ अंकी पाहिलीत?"

"अजून नाही. तिला पाच-सहा वर्षं लागतील."

"सतरानं भागून बघा."

कचरूंनी खडू उचलला. आठ तीन आणि शेवटी एक. भागाकार आला १,९६,०७,८४३. बाकी शून्य.

"म्हणजे दुकान बंद," मागून कुणीतरी म्हणालं. कचरूंचे कान तापले. फळ्याकडे तोंड करून त्यांनी भागाकार पुन्हा एकदा तपासला.

"पहिल्या पाच मिनिटांत कळलं असतं," ते शेवटी म्हणाले. "खात्री होती, म्हणून सुरुवातच केली नाही."

घरी नंदानं विचारलं, "मग दोन वर्षं फुकट?"

"पहिल्या सात खऱ्याच आहेत," म्हणत त्यांनी जेवण उरकलं आणि वही उघडली. सतराच मध्ये कसा आला, हे त्यांना स्वस्थ बसू देईना. रांगेतली संख्या दहानं गुणून एकवीस मिळवले की पुढची मिळते. मग सगळी संख्या कशाला भागायची? नुसती बाकीच तशी पुढं न्यावी. नऊ अंकीची बाकी शून्य, तिथून पुढं चार, दहा, दोन, सात... चहाच्या वेळेला पुन्हा शून्य आलं.

त्यांनी पूर्णिमाबाईंना फोन लावला. "मॅडम, पंचवीस अंकीलाही सतरानं भाग जातो. आणि शून्यानंतर बाक्या त्याच क्रमानं येणार, म्हणजे दर सोळा पायऱ्यांनी जाणार."

"हे कुठं वाचलंत?"

"वाचलं नाही. करून बघितलं."

"पुढच्या रविवारी फळा तुमचा. किती वेळ देऊ?"

"अर्धा तास पुरे," कचरू म्हणाले. "आणि तो मागचा गृहस्थ येणार असेल, तर त्याला पुढं बसवा."