एका फळीचे दोन पलंग

मित्रांनो, जुना पलंग म्हणून मी माझी ओळख करून देतो खरी, पण बघायला याल तर तुम्हाला खोलीत दोन पलंग दिसतील. दोन्ही मीच. हे कसं झालं ते सांगतो. यात माझं कौतुक थोडं आहे आणि अंजनाबाईंचं जास्त, आणि ते तसंच असायला हवं.

माझा जन्म छत्तीसगडमधल्या, रायपूरजवळच्या अभनपूरचा. अंजनाबाईंच्या वडिलांनी लेकीला लग्नात आंदण द्यायला म्हणून दयाराम सुताराकडून मला करून घेतलं. लाकूड सागवानी. उशाकडच्या उंच फळीवर दयारामनं मधोमध एकच पिंपळपान कोरलं, अगदी शिरांसकट. "माह्या पोरीच्या डोक्याशी बुद्धाचं पान पाहिजे," असं वडिलांनी त्याला सांगितलं होतं. त्या पानाचा मला फार गर्व आहे. मी टेम्पोतून रायपूरला, गुढियारीतल्या या घरात आलो, तेव्हा सगळ्यांना पान दिसावं म्हणून फळी बाहेरच्या बाजूला करून मला उभं केलं होतं.

अंजनाबाईंचे यजमान शामराव रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. दिवसभर हातोडा चालवायचे, आणि झोपेतही त्यांचा तो हात थांबायचा नाही. उगारायचा आणि धाडकन खाली यायचा. अंजनाबाई भिंतीकडे सरकून झोपायच्या आणि सकाळी चिडवायच्या, "काल कोन्ता डबा ठोकून राहिले होते?" त्या स्वतः ब्लाउज शिवत. त्यांची लेक चेतना माझ्यावर उड्या मारूनच मोठी झाली आणि लग्न होऊन भिलाईला गेली. इतकं सोसून मी कधी कुरकुरलो नाही. हे मलाच सांगावं लागतं, कारण न कुरकुरणाऱ्याची कोणी चौकशी करत नाही.

यंदा भर उन्हाळ्यात अंजनाबाई अंगणात घसरल्या आणि त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं. हात गळ्यात बांधून त्या घरी आल्या. दोन-चार दिवस बरे गेले. मग एकदा झोपेत शामरावांचा हात उगारला गेला तो नेमका त्याच खांद्यावर आदळला. बाई कळवळून ओरडल्या. काय झालं हे कळल्यावर शामराव बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसले. मग त्यांनी आपली उशी उचलली आणि सैपाकघरात चटई टाकली.

सैपाकघरात ना कूलर, ना धड खिडकी. रायपूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक असेल. शामराव सकाळी उठायचे ते कंबर धरून, भिंतीचा आधार घेत. तरी ते ऐकेनात.

"माह्या हाताचा भरोसा नाही. तू सुखानं झोप, मी इकडंच बरा आहो," ते म्हणाले.

"मले काही सुखानं झोप येऊन राहिली नाही," अंजनाबाई म्हणाल्या. "तुमी खोलीत या. काय करायचं ते मी पाहतो."

दोघांना वेगवेगळे पलंग हवेत, हे आता उघड होतं. पण खोली एवढीशी. लोखंडी अलमारी, शिलाई मशीन आणि मी, एवढ्यातच ती भरलेली. चेतना भेटायला आली तेव्हा उभ्या उभ्याच म्हणाली, "आई, दो फोल्डिंग ले लो न. इसको कबाड़ी ले जाएगा." मित्रांनो, जिनं माझ्यावर उड्या मारल्या तीच मला भंगारवाल्याला द्यायला निघाली! शामरावांची बहीण गोदू आली, तेव्हा अंजनाबाईंनी मलाच कापून दोन पलंग करायचं नाव काढलं, तर तिनं कानावर हात ठेवले. "आंदणाचा पलंग कोनी कापते काय, वैनी? लोक म्हणतीन, म्हातारपणी नवरा-बायको भांडले." शामरावांच्या मनालाही तेच लागलं होतं.

मग त्यांनी आपली अक्कल लढवली, आणि ती रेल्वेचीच होती. एकावर एक दोन बर्थ! लोखंडी अँगल आणून त्यांनी माझ्या डोक्यावर फळ्या बांधल्या, चढायला शिडीही लावली. काम इतकं सुबक की मलाही कौतुक वाटलं. दुपारी ते ऐटीत वर चढले आणि उठून बसणार, तोच अंजनाबाईंनी धावत जाऊन पंख्याचं बटण बंद केलं. पंख्याची पाती त्यांच्या टकलापासून वीतभरावर होती.

"आता नवतपा लागन, नऊ दिवस नुसती आग," अंजनाबाई म्हणाल्या. "त्या भट्टीत पंखा बंद करून झोपाल काय?"

शामराव खाली उतरले आणि त्यांनी सगळं खोलून टाकलं. त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं ते मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी अंजनाबाईंनी शामरावांना मला भिंतीशी उभं करायला लावलं. दोन जुन्या चादरी माझ्या अर्ध्या रुंदीच्या घडीत जमिनीवर अंथरायला लावल्या. खांदा बांधलेला, म्हणून त्या पायाच्या अंगठ्यानं चादरी सरकवू लागल्या. दोन्ही शेजारी ठेवून मधे वाट सोडली, तर अलमारीचं दार उघडेना. वाट बुजवली, तर हात पुन्हा खांद्यावर. मग बाई स्वतःशीच म्हणाल्या, "कापड कमी पडलं की मी बाही आडवी काढतो." आणि त्यांनी एक चादर आडवी फिरवली.

एक पलंग एका भिंतीला, दुसरा लगतच्या भिंतीला. कोपऱ्यात दोघांच्या उशा जवळ, पाय दोन दिशांना. अलमारी सुखानं उघडली. मशीनलाही जागा उरली.

सुतार दिवाकर आला. त्यानं करवत माझ्या पानावर ठेवली आणि मधून कापू का, असं त्याच्या छत्तीसगढीत विचारलं, "बीच ले काटबो, दीदी?" मी डोळे मिटले असते, पण मला डोळे नाहीत. अंजनाबाई म्हणाल्या, "बाकी सगळं काप. उशाची फळी नाही." त्यांनी आधीच पाहून ठेवलं होतं. अख्खी फळी कोपऱ्यातल्या भिंतीला लावली, तर अर्धी त्यांच्या डोक्यामागे येत होती आणि अर्धी शामरावांच्या उशीच्या बाजूला. पान बरोबर दोघांच्या मधे.

"हव," दिवाकर म्हणाला आणि कामाला लागला. कापताना दुखलं, खोटं कशाला बोलू? पण दोन्ही अर्ध्यांना नव्या पट्ट्या आणि नवे पाय मिळाले. पायथ्याची फळी कापून तिचा एक तुकडा शामरावांच्या उशाशी आडोसा म्हणून ठोकला. गोदू बघायला आली, पानाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हे तर एकच दिसते."

शामराव मात्र दारातच उभे. अंजनाबाई सैपाकघरात जाऊन एका हातानं त्यांची उशी घेऊन आल्या आणि माझ्यावर ठेवली. दुपारचा कूलर चालू होता. दोघंही आपापल्या पलंगावर आडवे झाले आणि शामराव थोड्याच वेळात घोरू लागले. मग तो हात उगारला गेला, आणि धाडकन माझ्या आडोशाच्या फळीवर आदळला. मला जोरात लागला, पण मी तसूभर हललो नाही. शामराव दचकून उठले.

"कुठं लागलं तुले?" त्यांनी घाबरून विचारलं.

"मले नाही, लाकडाले लागलं," आडोशापलीकडून अंजनाबाई झोपेतच म्हणाल्या. "झोपा."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला इतका आनंद कधी झाला नव्हता. तुमच्या घरात जुनी वस्तू असेल, तर कबाडीला हाक मारण्याआधी एकदा तिला फिरवून पाहा. आणि घरातली माणसं नीट झोपतात का, हेही विचारत जा. कुरकुर करणाऱ्याला विचाराच, पण न करणाऱ्याला आधी.