सहाव्या मजल्यावरच्या विहिणी

जावयाला ऐन वेळी कांजिण्या झाल्या नसत्या, तर माई आणि मॅडम एका छपराखाली आठवडा काढायला कधीच तयार झाल्या नसत्या.

झालं होतं असं. माईंच्या मुलीने आणि जावयाने टाइमशेअर घेतलं होतं. म्हणजे घर आपलं नाही, पण दर वर्षी त्यातला एक आठवडा आपला. कंपनीने मोठ्या शहरात, अगदी भर वस्तीत, नवीकोरी इमारत उघडली आणि सुरुवातीचाच एक आठवडा यांच्या वाट्याला आला. दोघांनी दोन्ही आयांना घेऊन जायचं, आयांनी बेडरूममध्ये झोपायचं, आपण हॉलमधल्या सोफ्यावर, असा सगळा बेत ठरला. आणि निघायच्या आदल्या दिवशी जावईबापू अंगभर पुरळ घेऊन पलंगावर पडले.

"आठवडा पुढे ढकलता येत नाही," मुलगी फोनवर म्हणाली. "फुकट जाण्यापेक्षा तुम्ही दोघी जा."

माई "बरं" म्हणाल्या, कारण त्यांना पक्कं वाटत होतं की मॅडम नाही म्हणतील. मॅडमही तसाच हिशोब करून "बरं" म्हणाल्या असाव्यात. आता मागे सरायचं कुणी? दोघी गाडीत बसल्या.

माईंचं दोरे-बटणांचं दुकान होतं. दिवसभर शंभर खणांमध्ये हात घालून काही ना काही शोधायचं आणि शोधता शोधता गिऱ्हाइकाशी गप्पा मारायच्या, यात त्यांचा जन्म गेलेला. मॅडम म्हणजे जावयाची आई. त्यांची ड्रायव्हिंग स्कूल होती. गावातली निम्मी माणसं त्यांच्या शेजारी बसून गाडी शिकली, म्हणून त्या सगळ्या गावाच्याच मॅडम. बाई ताठ, कमी बोलणारी, कानांवरून नीट कापलेले केस. दोन वर्षांपूर्वी "कंटाळा आला" म्हणून त्यांनी स्कूल एकाएकी बंद केली होती.

आणि या मॅडमबद्दल माईंच्या मनात आठ वर्षांची अढी होती. ही बाई सगळ्यांशी दोन शब्द बोलायची. दूधवाल्याशी, शेजाऱ्यांशी, माईंच्या मुलीशी तर अगदी गोडीने. पण माईंनी काही विचारलं की उत्तर नाही. लग्नाच्या दिवशी माईंनी पानं लावता लावता विचारलं, "विहीणबाई, जेवलात का?" तर मॅडम सरळ पुढे निघून गेल्या. पहिल्यांदा वाटलं, गडबडीत असतील. पण मग दिवाळसणाला तेच, मॅडमच्या आजारपणात माई भेटायला गेल्या तेव्हा तेच. कधी उत्तरच नाही, कधी नुसतं हसणं, कधी भलतंच काहीतरी. "आपण बटणं विकणारे ना," माई मुलीला म्हणायच्या. "आपल्याशी बोललं तर त्यांचा मान कमी होतो."

मुलगी म्हणायची, "आई, त्या तशा नाहीयेत." पण पटवून देता यायचं नाही.

इमारत इतकी नवी होती की रंगाचा वास नाकातून जात नव्हता. लिफ्टच्या भिंतींना अजून प्लायवूड ठोकलेलं, खिडक्यांच्या काचांवर कंपनीचे स्टिकर. पाहुणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि नोकरमाणसं ढीगभर. माईंची एक पिशवी उचलायला तिघे धावले. "वेलकम," सगळे एका सुरात म्हणाले, आणि मग पुढे काय म्हणायचं ते कुणालाच आठवेना.

सहाव्या मजल्यावरची जागा मात्र देखणी होती. छोटं स्वयंपाकघर, गोल टेबल, मोठी खिडकी, खाली रहदारीचा रस्ता. माई कपाट उघडून बॅग रिकामी करायला बसल्या आणि आतून म्हणाल्या, "विहीणबाई, पलंग तुम्ही घ्या हं. मला सोफा चालतो."

हॉलमधून उत्तर आलं नाही.

"विहीणबाई, म्हटलं पलंग तुम्ही घ्या!"

काही नाही. माई बाहेर आल्या तर मॅडम खिडकीशी उभ्या राहून रस्ता बघत होत्या. माईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी आपली उशी उचलली, सोफ्यावर आपटली आणि चादर ओढून घेतली. मॅडमनी वळून पाहिलं, जरा गोंधळल्या, म्हणाल्या, "अहो, तुम्ही सोफ्यावर कशाला? पलंग तुम्ही घ्या ना."

"आता राहू दे," माई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या.

पुढचे दोन दिवस असेच गेले. माई सकाळी उठून बाजाराच्या गल्ल्या पालथ्या घालायच्या, शिंपल्यांची बटणं हातात घेऊन बघायच्या, दुकानदारांशी तासन्‌तास बोलायच्या. मॅडम एकट्याच फिरून यायच्या आणि खिडकीशी शब्दकोडं घेऊन बसायच्या. रात्री दोघी टीव्ही लावायच्या. त्याचा आवाज मॅडम इतका मोठा करायच्या की माई मनात म्हणायच्या, मी बोलू नये म्हणूनच ही सोय.

तिसऱ्या दिवशी सकाळी माई खाली नाश्त्याला गेल्या होत्या. टोस्टला लोणी लावत होत्या, तेवढ्यात सगळ्या इमारतीत भोंगा वाजायला लागला. असा कर्कश की दातांत कळ जावी. मॅनेजर, एक घामाघूम तरुण, हातात नियमांचं जाडजूड पुस्तक घेऊन धावत आला. "सगळ्यांनी बाहेर चला! लिफ्ट वापरू नका!" आग खरी की खोटी, ते त्यालाही माहीत नव्हतं.

सगळे फुटपाथवर जमले. कुणी टॉवेल गुंडाळून आलेलं, कुणाच्या तोंडाला टूथपेस्टचा फेस. माईंनी गर्दीवरून नजर फिरवली. मॅडम नव्हत्या.

"सहाव्या मजल्यावर माझ्या विहीणबाई राहिल्यात!" त्या मॅनेजरला म्हणाल्या.

"आमचा माणूस जाईल, तुम्ही इथेच..."

तो काय म्हणाला ते ऐकायला माई थांबल्याच नाहीत. गुडघ्यांची दुखणी बाजूला ठेवून त्या जिना चढल्या. प्रत्येक मजल्यावर भोंगा नव्याने डोक्यात घुसत होता. सहाव्यावर पोहोचल्या तेव्हा छातीचा भाता झालेला. दार उघडून बघतात तर काय, मॅडम दाराकडे पाठ करून टेबलाशी बसलेल्या, शांतपणे सफरचंद कापत. भोंगा अगदी त्यांच्या डोक्यावर, छताला.

"विहीणबाई!" माई ओरडल्या. "अहो विहीणबाई!"

सुरी तशीच चालू. सफरचंदाची एक फोड बशीत पडली.

माई दारातच थिजल्या. मग पुढे होऊन त्यांनी मॅडमच्या खांद्यावर हात ठेवला. मॅडम अशा दचकल्या की बशीच उलटी झाली.

"चला," माई तोंड त्यांच्या तोंडासमोर आणून म्हणाल्या. "आग लागली असेल. चला."

मॅडमनी छताकडे पाहिलं, लाल दिवा लुकलुकताना पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. माईंनी त्यांचा हात धरला, तो खाली फुटपाथवर येईपर्यंत सोडला नाही.

आग वगैरे काही नव्हतं. स्वयंपाकघरातल्या नव्या टोस्टरने एक पाव जाळला होता. मॅनेजर प्रत्येकासमोर जाऊन हात जोडत होता आणि हात जोडता जोडता बगलेतलं पुस्तक खाली पडत होतं. दोघी समोरच्या बागेत जाऊन बाकावर बसल्या. माईंना अजून धाप लागली होती.

"किती ऐकू येतं?" त्यांनी विचारलं. मान वर करून, नीट विचारलं.

मॅडमनी डाव्या कानावर बोट ठेवलं. "डावा कान गेलाय. उजवा जातोय. दहा-बारा वर्षं झाली. मगाशी कुठेतरी काहीतरी घुमतंय असं वाटलं. म्हटलं, लिफ्टचं काम चालू असेल."

"मुलाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. ओठांवरून कळतं मला. फोन करायचा तर चेहरा दिसला पाहिजे म्हणते, मुलगा समजतो आईला माझी आठवण येते." त्या किंचित हसल्या. "स्कूल का बंद केली? शिकणारी मुलगी शेजारी बसलेली, मागून ट्रक हॉर्न मारत होता. मला ऐकूच आला नाही. मुलीने स्वतःच गाडी बाजूला घेतली. त्या दिवशी घरी आले आणि किल्ल्या ठेवून दिल्या."

माईंनी न राहवून विचारलंच, "मग सगळ्यांशी बोलता, तेवढं माझ्याशीच का नाही?"

"तुम्ही खाली मान घालून बोलता, माई." मॅडम अगदी सहज म्हणाल्या. "पिशवीत हात घालून, कपाटात डोकं घालून, नाहीतर दुसऱ्या खोलीत जाऊन. तुमचे ओठ कधी दिसतच नाहीत. तुम्ही काहीतरी म्हणताय एवढं कळायचं. दोनदा 'काय?' विचारलं की तिसऱ्यांदा लाज वाटते. मग मी हसायचे, नाहीतर निघून जायचे."

माईंना तोंडात मारल्यासारखं झालं. आठ वर्षं मुलीजवळ काय काय बोललो, ते एकेक आठवू लागलं. डोळे पुसावेत की हसावं, कळेना, दोन्ही झालं.

"एक विचारू?" मॅडम म्हणाल्या. "आठ वर्षांत काय काय बोललात माझ्याशी? सांगा तरी आता."

माईंनी आठवून पाहिलं. खूप आठवलं. "काही खास नाही हो," त्या म्हणाल्या. "जेवलात का. झोप लागली का. असलंच."

"बरं," मॅडम म्हणाल्या, आणि बऱ्याच वेळाने, "जेवले होते."

"आता डॉक्टरांकडे चला," असं माईंच्या जिभेवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. त्या दिवशी त्यांनी एवढंच केलं, बोलताना हातातलं काम बाजूला ठेवलं. फार जड गेलं. दोनदा चहा उतू गेला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनीच विषय काढला. बटणांच्या बाजारामागे कानाच्या मशीनचं दुकान आहे म्हणाल्या. "परवा त्या दारापर्यंत जाऊन परत आले. आपल्या गावात गेले असते तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं असतं, मॅडम बहिऱ्या झाल्या. इथे कोण ओळखतंय? तुम्ही येता?"

तपासणाऱ्या मुलीने मॅडमना काचेच्या खोलीत बसवलं. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. बाहेरून माई बघत होत्या. मॅडम शाळेच्या परीक्षेला बसल्यासारख्या ताठ, आणि हात बटणावर नुसताच ठेवलेला, दाबतच नव्हत्या. माईंनी नजर दुसरीकडे वळवली.

उजव्या कानाला मशीन लागेल म्हणाली ती मुलगी. दोन-तीन दिवस घालून बघा, मग ठरवा. मॅडम रस्त्यावर आल्या आणि पहिल्याच वळणावर थबकल्या. "हे सगळं एवढं वाजतं?" त्या वैतागून म्हणाल्या. त्यांना काहीच आवडलं नाही. चमच्यांचा खणखणाट नको, नळाचा आवाज नको. "आणि तुमचा आवाज," त्या माईंना म्हणाल्या, "मला वाटायचं मऊ असेल. चांगला पहाडी आहे की!" रात्री मशीन काढून ठेवताना त्यांना हायसं वाटलं. पण सकाळी उठल्यावर आधी चष्मा नाही, मशीनच शोधलं.

निघायच्या आदल्या दिवशी कंपनीच्या माणसाने दोघींना खाली बोलावलं. टायवाला, गोडबोल्या. मोठ्या पडद्यावर समुद्रकिनारे आणि हसणारी कुटुंबं दाखवत होता. तुमच्या मुलांना वर्षाला एक नाही, दोन आठवडे द्या, नातवंडांचा विचार करा, आजच सही केली तर अमुक, उद्या तमुक. माणूस दम घेईना. माईंना "नाही" म्हणायला फटच सापडेना. त्यांनी मदतीसाठी शेजारी पाहिलं, तर मॅडम अगदी प्रसन्न चेहऱ्याने मान डोलावत होत्या. त्यांचा हात नुकताच कानामागून खाली आलेला. मशीन बंद.

लिफ्टमध्ये शिरल्यावर माई फुटल्या. "मला एकटीला टाकून पळालात!"

"एवढा तरी फायदा नको का," मॅडम म्हणाल्या. दोघी इतक्या हसल्या की सोबतच्या सफाईवाल्या बाईलाही हसू आवरेना, कशाबद्दल ते माहीत नसताना.

संध्याकाळी मुलांचा फोन आला. पडद्यावर जावयाचा ठिपकेदार चेहरा, मागे मुलगी. माईंनी तोंडाला कुलूप घातलं होतं. सांगणार नाही म्हणून शब्दच दिला होता त्यांनी. जावई बोलत होता, ताप उतरला, खाज आहे. मध्येच तोंड फिरवून तो बायकोला हळूच म्हणाला, "आई बारीक झाल्यासारखी वाटते ना गं?"

"बारीक नाही झाले," मॅडम म्हणाल्या. "इथे लोणी भरपूर आहे."

जावई पडद्याच्या जवळ आला. "आई, तुला ऐकू आलं?"

मॅडमनी उजव्या बाजूचे केस बोटांनी मागे सारले आणि कान पडद्यासमोर धरला. जावयाचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "कधीपासून गं?" त्याने विचारलं, आणि त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला.

मायलेकरांना बोलू द्यावं म्हणून माई उठायला लागल्या, तर मॅडमनी पडद्यावरची नजर न हलवता त्यांचं मनगट धरलं.

"बसा हो, माई," त्या म्हणाल्या. "मी काही विसरले तर तुम्ही सांगा."

मग त्या ट्रकच्या हॉर्नपासून सांगायला लागल्या.