टबाच्या आतून दिसणारं गणित

मी मॅरिट कोस्केलाच्या न्हाणीघरातला पडदा बोलतोय. पारदर्शक प्लास्टिकचा. माझ्या अंगभर गणिताची सूत्रं छापलेली आहेत. ती मला येत नाहीत. छापणाऱ्यालाही येत नसावीत. पण विद्या नुसती अंगावर असली तरी मान मिळतो, हे मी लवकर शिकलो.

डुलुथमधल्या एका दुकानातून मॅरिटच्या वडिलांनी, आर्वोंनी, मला नाताळाची भेट म्हणून आणलं. मॅरिट तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन बेकरीत पाव भाजत होती. तिला अर्थशास्त्रात एम.ए. करायचं होतं. आर्वो कामाला होते ती खाण बंद पडली तेव्हा साहेबांनी ‘बाजार’ एवढंच कारण सांगितलं होतं. हा बाजार म्हणजे नेमका कोण, ते तिला शोधायचं होतं. विद्यापीठांनी कळवलं, प्रश्न उत्तम आहे, पण तुमचं गणित कुठे आहे?

“गणित हे इथे आहे,” म्हणत आर्वोंनी मला टांगलं. छापील बाजू बाहेर.

“बाबा, अंघोळ मी आत करते.”

“आणि पाहुणे बाहेर कमोडवर बसतात, पोरी. घरात कोण राहतं ते त्यांना कळायला नको?”

त्यामुळे मॅरिट आतून, साबणाच्या फेसातून, सगळं उलटं वाचू लागली. शब्द तिला सरळ येत होते. गणित तिने आयुष्यात दुसरीकडे कुठे नीट पाहिलंच नव्हतं. इतका स्वच्छ विद्यार्थी त्या गावात झाला नसेल. मात्र न्हाणीघराबाहेर पडली की सगळं विसरायची.

म्हणून एका विद्यापीठाने व्हिडिओवर मुलाखत ठेवली तेव्हा ती लोकरी कोट घालून टबात जाऊन बसली.

“मिस कोस्केला, तुम्ही टबात आहात?” प्राध्यापिका थिबोडोंनी विचारलं.

“हो. कोरडा आहे.”

“आणि मागे सूत्रं लटकताहेत. ती काढा.”

दाराला कान लावून उभे असलेले आर्वो आत आले. “माफ करा हं, बाई,” म्हणत त्यांनी मला दांडीसकट उपटलं आणि काखेत मारून बाहेर नेलं. दाराच्या फटीतून आम्ही दोघं पाहत राहिलो.

बेकरीने किती पाव भाजले तर नफा सर्वांत जास्त, असा प्रश्न होता. मॅरिटने मांडीवरच्या छोट्या फळ्यावर उजवीकडून डावीकडे लिहायला घेतलं. प्रत्येक आकडा पाठ फिरवून उभा. आर्वोंनी मला इतकं आवळलं की माझी घडी कायमची राहिली.

प्राध्यापिकाबाईंनी पर्समधून पावडरीचा आरसा काढून पडद्यासमोर धरला. माझ्यासमोर नव्हे, संगणकाच्या.

“उत्तर बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “कॉपी करणारा माणूस निदान सरळ लिहितो. प्रवेश देते. पण सप्टेंबरात गणिताची परीक्षा होईल. नापास झालात तर परत बेकरीत.”

आता मी मॅरिटबरोबर विद्यापीठाच्या गावी राहतो. तिची खोलीसोबतीण फार नीटनेटकी. तिने मला पुसलं आणि छापील बाजू आत करून लावलं. काल मॅरिट टबात उभी राहून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग पुटपुटली, “हे कुठलं गणित?”

परीक्षा सोमवारी आहे. मला हात नाहीत; असते तर स्वतःच कड्या सोडून उलटा झालो असतो. ज्याने त्याने मला सरळ करायचा चंग बांधलाय, त्याला माझा इलाज नाही.

संध्याकाळी तिने घरी फोन लावला. “बाबा, इथे पडदा नीट लावलाय. आतून वाचता येतो.”

पलीकडे किल्ल्या खुळखुळल्या.

“मी गाडी काढतोय,” आर्वो म्हणाले. “तोवर अंघोळ करू नकोस.”