इसहाकाची विहीर

मुलांनो, जरा माझ्याबरोबर एक विहीर खणा. मनातल्या मनात. हातात कुदळ घ्या. समोर जालन्याची कडक जमीन आहे, खाली मुरूम लागलाय, हात भरून आलेत. थांबू नका.

"लागलं का पाणी?" साळवेआबांनी विचारलं.

उत्तराने मिटलेले डोळे उघडले. "ओपा, ते लगेच लागतं," ती म्हणाली. इथली मुलं आजोबांना ओपाच म्हणतात. "आम्ही बीचवर डिग केलं. वन मिनिट, वॉटर!"

आबा हसले. तिचं बरोबरच होतं. फोरबर्ग या डच गावात रोप लावायला खड्डा केला तरी तळाशी पाणी झिरपतं.

श्यामकांत साळवे उभं आयुष्य जालन्याच्या चर्चमध्ये संडेस्कूल घेत. बायको गेली, मग मुलगा त्यांना इकडे घेऊन आला. मुलगा-सून कामाला जातात, घर दिवसभर गप्प असतं. शनिवारी दुपारी मात्र ओळखीच्या मराठी ख्रिस्ती घरांतली मुलं पवित्र शास्त्राच्या गोष्टी ऐकायला येत. मग कुणाची हॉकी सुरू झाली, कुणाचा पियानो. उरली होती एकटी उत्तरा, तरी आबा सवयीने 'मुलांनो' म्हणूनच सुरुवात करत. आणि आज तिला सोडताना तिची आई योगिनी दारातच म्हणाली होती, "काका, पुढच्या शनिवारपासून हिचं स्विमिंग. पोहण्याचा डिप्लोमा लागतोच हो इथे मुलांना, जिकडेतिकडे कालवे."

"लागणारच की," आबा म्हणाले होते.

म्हणून आज त्यांनी स्वतःची सर्वांत आवडती गोष्ट काढली होती. अब्राहामाने खणलेल्या विहिरी हेवा वाटलेल्या पलिष्टी लोकांनी माती टाकून बुजवल्या. त्याच्या मुलाने, इसहाकाने, त्या पुन्हा खणल्या.

"दॅट्स सो मीन! पोलिसांना का नाही सांगितलं?"

"तेव्हा कुठले पोलीस! पण ऐक, खरी गंमत पुढे आहे. ती विहीर वाळवंटात नाहीच." आबांनी छातीवर हात ठेवला. "इथे आहे. देवाने प्रत्येकात एक ठेवलीय. आणि पलिष्टी म्हणजे आपणच. खोटं बोललो, टाकली एक पाटी माती. कुणाला दुखवलं, टाकली आणखी एक. पाणी कुठे जात नाही. खाली असतंच."

उत्तराने थोडा विचार केला. "मी स्कूलमध्ये सानिकाला पुश केलं. दॅट्स वन पाटी?"

"सॉरी म्हणालीस?"

"नेय." तिने नकारार्थी मान हलवली.

"मग भरून एक पाटी."

ती खुदकन हसली. मग तिने मान वर करून विचारलं, "आणि तुझ्यात? तुझ्यात कोण माती टाकतं?"

संडेस्कूलमध्ये हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

"कुणी टाकत नाही गं," आबा म्हणाले. "विहिरीवर कुणी आलंच नाही ना, की ती नुसत्या वाऱ्यानेही बुजते."

बेल वाजली. आबांनी उठून दार उघडलं आणि ते पुन्हा खुर्चीत येऊन बसले. योगिनी सायकल धरून बाहेरच उभी होती. "उत्तरा, चल पटकन, आभाळ भरलंय!"

उत्तराने जॅकेट चढवलं, बूट घातले.

"नीट शीक हं पोहायला," आबा म्हणाले.

ती दारापर्यंत गेली आणि वळली. बुटांसकट आत आली, खुर्चीपाशी वाकली आणि तिने आबांच्या छातीला, स्वेटरवरूनच, कान लावला.

"उत्तरा! काय चाललंय?"

कान न हलवता उत्तराने आईकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.