साध्या पाण्याचा ग्लास

पाणपिसवा पाळायचं काम माझं. हसू नका. पाण्यात पोहणारा राईएवढा जीव, पण कारखान्याचं केमिकल ओढ्याला किती घातक, ते आमच्या प्रयोगशाळेत त्याच ठरवतात. पाच ग्लासांत केमिकल, कमी-जास्त. सहाव्यात नुसतं पाणी. प्रत्येकात पिसवा सोडायच्या. दोन दिवसांनी ग्लास हलवायचा, पंधरा सेकंद बघायचं. पोहली ती जिवंत. साध्या पाण्यातल्याच मेल्या, तर चाचणी रद्द.

त्या खेपेला लोखंडावरचं तेल काढायचं केमिकल आलं. ते बनवणाऱ्या कारखान्यात माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा कामाला. आदल्या आठवड्यातच येऊन बसला.

"दादा, रिपोर्ट वाईट आला तर आमची लाईन बंद. केमिकलच्या ग्लासात चार जिवंत पिसवा टाका की हळूच."

"जावईबापू, चहा प्या आणि सुटा," म्हटलं.

दोन दिवसांनी ग्लास हलवले. सहाही ग्लासांत सगळ्या मरून तळाशी. साध्या पाण्यातसुद्धा!

प्रयोगशाळेच्या मॅडमनी कपाळाला हात लावला. "पिसवांनाच रोग लागलाय. सगळ्या फेकून द्या, नव्या पाळा. दोन महिने गेले."

दोन महिने म्हणजे तोवर लाईन चालू. संध्याकाळी जावईबापूंचा फोन. "दादा, मानलं तुम्हाला!"

मी काय केलं होतं? कारखान्याचे साहेब बघायला येणार म्हणून ग्लास साबणाने घासून लख्ख केले होते. आमच्याकडे साबण बंद, त्याचा अंश राहिला तरी पिसवा मरतात; नुसतं पाणी सात वेळा. वीस वर्षं मीच हे दुसऱ्यांना शिकवतोय. आणि शेण मीच खाल्लं.

रात्रभर कूस बदलत पडलो. गप्प बसलो तर घर खूश. पण ओढ्यात ते दोन महिने वाहणार, आणि माझ्या धडधाकट पिसवा गटारात जाणार.

सकाळी मॅडमना सांगितलं, "पिसवा ठणठणीत आहेत. साबण माझा."

मॅडमनी सहाही ग्लास माझ्यापुढे ठेवले. मग म्हणाल्या, "ग्लास धुवा. मी समोर उभी राहते."

दुसऱ्या खेपेला साध्या पाण्यात सगळ्या पोहत होत्या. सगळ्यात कमी केमिकलच्या ग्लासातसुद्धा एकही नाही. लाईन बंद झाली.

महिन्याने बहीण आली. चप्पल न काढता दारातच उभी.

"हे तुझं तोंड बघणार नाही म्हणतात."

"नाही बघितलं तर नाही. जेवतो ना?"

"जेवतात."

"मग तू तरी आत ये."

तिने चप्पल काढली.